पोर्ट २५ वरचा नकार

मेल म्हणजे दोन सर्व्हरमधलं संभाषण, आणि ते कानावर पडलं तर कुणालाही कळेल इतकं साधं. बाहेरचा सर्व्हर आपल्या सर्व्हरच्या पोर्ट २५ वर येतो. आपला सर्व्हर २२० हा आकडा आणि स्वतःचं नाव सांगतो. पाहुणा 'हेलो' म्हणून आपली ओळख देतो. त्याला २५० मिळतो, म्हणजे 'ठीक, पुढे बोला'. मग 'मेल फ्रॉम', म्हणजे पत्र कुणाकडून; 'आरसीपीटी टू', म्हणजे कुणासाठी; आणि मग 'डेटा'. त्याला ३५४ असं उत्तर गेलं की मजकूर यायला लागतो, आणि एका ओळीवर नुसतं टिंब आलं की मजकूर संपला. 'क्विट', २२१, रामराम. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये आरएफसी ८२१ या दस्तऐवजात हे लिहून ठेवलं. त्यावर पुढे बरेच थर चढले, पण आज तुमच्या बँकेचा मेल येतो तोही याच चार-पाच वाक्यांतून.

या संभाषणात नकार देता येतो आणि तोही आकड्यातच द्यायचा असतो. चारने सुरू होणारा आकडा म्हणजे 'आत्ता जमणार नाही, थोड्या वेळाने या'. पाचने सुरू होणारा म्हणजे 'नाही, आणि पुन्हा येऊ नका'. हाताने स्पॅम अडवणं म्हणजे हा पाचाचा आकडा कुणाकुणाला द्यायचा त्याची यादी माणसाने स्वतः, एकेक ओळ करत, लिहिणं. लिहायला अक्कल लागत नाही. कुणाला लिहायचं, लिहिल्याचं त्याला कळवायचं की नाही, आणि ती ओळ कधी खोडायची, यात सगळी मेख आहे.

नकाराची मागणी या संभाषणाच्याही आधीची आहे. नोव्हेंबर १९७५ मध्ये याच पोस्टेल यांनी जंक मेलच्या प्रश्नावर एक छोटं टिपण लिहिलं, आरएफसी ७०६. तेव्हा आर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावर, मोजकी यंत्रं होती आणि जाहिरातींचा मारा कुणाच्या स्वप्नातही नव्हता. पोस्टेल यांची तक्रार वेगळीच होती. एखादं यंत्र बिघडून किंवा मुद्दाम निरोपांचा भडिमार करू लागलं, तर घेणाऱ्याला ते सगळं घ्यावंच लागतं, निवडून नाकारायची सोय नाही. त्यांनी सुचवलं की घेणाऱ्याने जाळ्याच्या दाराशी बसलेल्या यंत्राला 'अमक्याकडचं घेऊ नको' असं सांगावं, त्या यंत्राने ते तिथेच टाकून द्यावं, आणि टाकताना पाठवणाऱ्याला 'नाकारलं' असं कळवावं. यातलं शेवटचं कलम फार थोडे लोक मनावर घेतात, म्हणून ते इथे मुद्दाम नोंदवतो.

अडीच वर्षांनी, मे १९७८ च्या सुरुवातीला, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क यांनी नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचं निमंत्रण सुमारे ४०० जणांना एका फटक्यात धाडलं. पत्ते इतके झाले की ते पत्त्याच्या जागेत मावेनात आणि उरलेले मजकुरात सांडले. नाकारायची सोय तेव्हाही नव्हती, पण तिची गरजही पडली नाही. नेटवर्क सांभाळणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यांनी कंपनीला खडसावलं आणि प्रकार तिथेच मिटला. सगळे एकमेकांना ओळखत होते तोवर एवढं पुरे होतं.

पुढे ते पुरेनासं झालं. स्पॅम आला की सर्वसाधारण माणूस पहिल्यांदा काय करतो? मेलच्या माथ्यावर 'फ्रॉम'समोर दिसणारा पत्ता उचलतो आणि ब्लॉक करतो. ही बहुतेक वेळा वाया गेलेली मेहनत असते. टपालाच्या पत्रात आतल्या कागदावर कुणीही कुणाचंही नाव छापावं आणि पोस्टमनने फक्त पाकीट पाहावं, तसंच इथे आहे. 'फ्रॉम' हा आतला कागद. 'मेल फ्रॉम' हे पाकीट, पण पाकिटावरही पाठवणारा म्हणेल तेच लिहिलेलं असतं. 'हेलो'नंतर सांगितलेलं नावही त्याच्याच तोंडचं. या सगळ्यात पाहुण्याला खोटी सांगता येत नाही अशी गोष्ट एकच, ती म्हणजे तो ज्या आयपी पत्त्यावरून आला तो पत्ता. कारण साधं आहे. आपण दिलेलं २२० त्याच्यापर्यंत पोहोचल्याशिवाय तो पुढचं वाक्य बोलू शकत नाही. पत्ता खोटा असता तर आपलं उत्तर भलतीकडेच गेलं असतं आणि संभाषण पहिल्या पायरीवरच थांबलं असतं.

'फ्रॉम'वर विश्वास ठेवला की काय होतं, याचा जुना दाखला जोज डॉट कॉम या संकेतस्थळाचा आहे. तिथे लोकांना फुकट वेबपानं मिळत. १९९७ च्या सुरुवातीला एका खातेदाराने आपल्या पानाची जाहिरात स्पॅमने केली, म्हणून त्याचं खातं बंद झालं. त्याने सूड म्हणून जोज डॉट कॉमच्या नावाने स्पॅमचा पाऊस पाडला. चिडलेल्या लोकांनी सगळा राग काढला तो त्या बिचाऱ्या संकेतस्थळावर, इतका की ते काही काळ बंद पडलं. दुसऱ्याच्या नावाने स्पॅम पाठवण्याला मेलवाल्यांच्या भाषेत आजही 'जो जॉब' म्हणतात.

आयपी पत्ता शोधायचा तो मेलच्या हेडरमध्ये, 'रिसीव्हड' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळींत. प्रत्येक सर्व्हर मेल घेताना आपली ओळ सगळ्यात वर चिकटवतो, त्यामुळे या ओळी खालून वर वाचायच्या असतात. इथेच नवशिका फसतो. उगम तळाला असणार असं तर्क सांगतो, म्हणून तो तळाची ओळ धरतो. पण स्पॅमर दोन-तीन बनावट ओळी आधीच घालून मेल पाठवतात, आणि तळाशी एखाद्या परदेशी विद्यापीठाचा पत्ता ऐटीत बसलेला असतो. खात्रीची ओळ एकच, आपल्या स्वतःच्या सर्व्हरने लिहिलेली. तिच्यात कंसात दिलेला पत्ता तेवढा खरा. त्याच्या खालचं सगळं ऐकीव.

समजा एका कॉलेजचा मेल सर्व्हर आहे, त्यावर पोस्टफिक्स चालतं. (वीत्से वेनेमा यांनी आयबीएममध्ये लिहिलेलं हे सॉफ्टवेअर १९९८ च्या अखेरीस सगळ्यांसाठी खुलं झालं आणि छोट्या संस्थांमध्ये अजून तेच सर्रास दिसतं.) एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ॲडमिन एक ओळ लिहितो. डावीकडे २०३.०.११३.४५, मग थोडी मोकळी जागा, मग 'रिजेक्ट', आणि त्यापुढे नकाराबरोबर पाठवायचा मजकूर. हा पत्ता कुणाचाही नाही, उदाहरणं देण्यासाठीच राखून ठेवलेल्या गटातला आहे. फाइल सेव्ह केली, 'पोस्टमॅप' ही आज्ञा दिली, झालं. पुढच्या वेळी तो पाहुणा आला की त्याला ५५४ ५.७.१ असा आकडा, त्याचा पत्ता आणि आपण लिहिलेला मजकूर मिळतो. आपल्या लॉगमध्येही ओळ पडते: अमुक वाजता, अमुक पत्त्यावरून, अमुक नावाने, अमुक व्यक्तीसाठी आलेला मेल नाकारला.

त्या लॉगमधली एक बारीक गोष्ट पाहण्यासारखी आहे. पत्ता तर कनेक्शन होताक्षणी कळलेला असतो, मग पोस्टफिक्स लगेच हाकलून का देत नाही? तसं करता येतं, पण तो 'आरसीपीटी टू' येईपर्यंत मुद्दाम थांबतो. एकतर काही सर्व्हर इतके अडाणी असतात की सुरुवातीलाच नकार मिळाला तर त्यांना तो समजतच नाही आणि ते पुन्हा पुन्हा येत राहतात. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तेवढा वेळ थांबलं की पत्र कुणाकडून आणि कुणासाठी होतं ते लॉगमध्ये उतरतं. उद्या प्राचार्य 'दिल्लीहून पत्र यायचं होतं, आलं का नाही' म्हणून विचारत आले, तर नुसत्या आकड्यांच्या रांगेपेक्षा त्यांचं नाव असलेली ओळ दाखवता येते. शिवाय त्या पायरीपर्यंत थांबल्यामुळे एका पत्त्याला सूटही देता येते. पोस्टमास्टर या नावावर आलेला मेल स्वीकारलाच पाहिजे असा नियम १९८२ पासून आहे, आणि अडवल्या गेलेल्या माणसाला दाद मागायची तीच खिडकी.

काही ॲडमिन एवढ्या भानगडीत पडत नाहीत. ते सरळ फायरवॉलमध्ये पत्ता टाकतात आणि तिकडून येणारं सगळं गुपचूप गिळून टाकायला सांगतात. लॉग स्वच्छ राहतो, सर्व्हरवर भार नाही, डोक्याला ताप नाही. माझ्या मते स्पॅमच्या बाबतीत हा आळस आहे, आणि महागात पडणारा. समोरचा स्पॅमर असेल तर त्याला काहीच फरक पडत नाही, तो पुढच्या पत्त्याकडे वळतो. समोरचा सभ्य सर्व्हर असेल तर त्याला नकार मिळालेला नसतो, नुसता सन्नाटा मिळालेला असतो. त्याला वाटतं की तुमचा सर्व्हर बंद आहे. मेल व्यवस्थेचा नियम सांगतो की अशा वेळी चार-पाच दिवस तरी प्रयत्न करत राहावं. म्हणजे ज्या माणसाने सोमवारी टेंडरचं पत्र पाठवलं, त्याला ते पोहोचलं नाही हे शुक्रवार-शनिवारी कळतं. ५५४ मिळाला असता तर सोमवारीच, मिनिटाभरात, मेल परत आला असता आणि त्याने फोन उचलला असता. मेल स्वीकारून मग गपचूप कचऱ्यात टाकणं हे तर त्याहून वाईट, कारण त्यात पाठवणाऱ्याला 'मिळाला' अशी पावती दिलेली असते.

उलट टोकाची चूक म्हणजे आधी स्वीकारायचा, मग स्पॅम आहे असं ठरवायचं आणि मग 'तुमचा मेल नाकारला' असं पत्र पाठवायचं. ते पत्र जातं कुणाला? 'मेल फ्रॉम'वरच्या नावाला, म्हणजे ज्याचं नाव चोरलंय त्या तिसऱ्याच माणसाला. त्याने काही पाठवलेलंच नसतं आणि त्याच्या पेटीत नकारांचा ढीग साचतो. नकार द्यायचा तो संभाषण चालू असताना, समोरासमोर. पाहुणा गेल्यावर नकाराची चिठ्ठी धाडायला पत्ता उरलेला नसतो.

एक पत्ता अडवून भागत नाही हे दोन-चार दिवसांत कळतं. त्याच टोळीचा मेल .४६ वरून येतो, मग .४७ वरून. ॲडमिनचा हात शिवशिवतो आणि तो पूर्ण गट अडवतो. शेवटचा आकडा सोडून दिला की २५६ पत्ते, शेवटचे दोन सोडले की ६५,५३६. एका ओळीत एवढं साधतं, आणि इथे संयम सुटतो. असा गट अडवण्याआधी 'हूइज'ने तो कुणाच्या नावावर आहे ते पाहायला पाहिजे. पूर्ण गट एकाच मार्केटिंग कंपनीचा असेल तर खुशाल अडवा. पण तो एखाद्या होस्टिंगवाल्याचा असेल तर त्यात दोनशे वेगवेगळे भाडेकरू राहत असतात, आणि स्पॅमर त्यातला एक असतो. ब्रॉडबँड कंपनीचा असेल तर आज जो पत्ता एका घरातल्या व्हायरस लागलेल्या संगणकाकडे आहे तो उद्या शेजारच्या तालुक्यातल्या कुणाकडे जातो.

मोठ्या कंपन्यांचाही हात सुटतो. अमेरिकेतल्या व्हेरायझन कंपनीने २००४ च्या अखेरीस स्पॅमला कंटाळून युरोपातल्या मोठमोठ्या गटांवरून येणारा मेल अडवला. ग्राहकांना युरोपातल्या नातेवाइकांची, गिऱ्हाइकांची पत्रं मिळेनात. प्रकरण कोर्टात गेलं आणि २००६ मध्ये तडजोड झाली. छोट्या ऑफिसांत हेच रोज घडतं, फक्त कोर्टात जात नाही. 'चीनमधून आपल्याला कोण मेल करणार' म्हणून अख्खा देश अडवणारा ॲडमिन मी पाहिला आहे. वर्षभराने कंपनीने शांघायहून यंत्र मागवलं, आणि बिलाचा मेल काही केल्या येईना.

हाताने लिहिलेल्या याद्या एकत्र करायची कल्पना सुचणं ओघानेच आलं. १९९० च्या दशकात मेल सर्व्हर दुसऱ्याचा मेलही बिनबोभाट पुढे पोहोचवून देत. तो जुन्या इंटरनेटचा शेजारधर्म होता, आणि स्पॅमरांनी त्याचाच गैरफायदा घेतला. तिसऱ्याच देशातल्या उघड्या सर्व्हरला एक मेल आणि दहा हजार नावं द्यायची, पुढचं काम तो करतो. बर्कलीत जन्मलेल्या सेंडमेल या मेल सॉफ्टवेअरने १९९८ मधल्या ८.९ या आवृत्तीत ही सोय मुळातच बंद ठेवून दिली, पण आधीचे हजारो सर्व्हर उघडेच होते. १९९७ मध्ये पॉल विक्सी आणि डेव्ह रँड यांनी स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांची एक सामायिक यादी सुरू केली. सुरुवातीला ती राउटरना दिली जाई, म्हणजे यादीतल्या नेटवर्ककडून मेलच काय, काहीच येत-जात नसे. मग तीच यादी डीएनएसमधून द्यायची युक्ती निघाली, आणि ती इतकी चतुर आहे की आजही वापरात आहे.

डीएनएसचं काम नावावरून पत्ता सांगण्याचं. पाहुणा २०३.०.११३.४५ वरून आला की आपला सर्व्हर तो आकडा उलटा करून, ४५.११३.०.२०३, त्यापुढे यादीचं नाव जोडतो आणि डीएनएसला विचारतो की या नावाचा पत्ता काय. यादीत नसेल तर 'असं नाव नाही' असं उत्तर येतं. असेल तर १२७.०.०.२ सारखा एक खोटा पत्ता येतो, आणि शेवटच्या आकड्यावरून कोणत्या कारणासाठी यादीत टाकलंय तेही कळतं. डोळ्याचं पातं लवायच्या आत निवाडा. स्टीव्ह लिनफर्ड यांनी १९९८ मध्ये लंडनमध्ये सुरू केलेलं स्पॅमहाउस अशाच याद्यांवर उभं राहिलं.

यादीत गेलेले लोक गप्प बसत नाहीत. ई३६० इनसाइट या अमेरिकन मार्केटिंग कंपनीने स्पॅमहाउसवर इलिनॉयमध्ये दावा लावला. स्पॅमहाउसने पुढे बाजूच मांडली नाही, तेव्हा २००६ मध्ये एकतर्फी निकालात १.१७ कोटी डॉलरची भरपाई ठरली. अपिलं होत होत २०११ मध्ये ती रक्कम तीन डॉलरवर आली. तीन हजार नव्हे, तीन.

पण मला त्याहून बोलकी वाटते ती मेलेल्या याद्यांची गोष्ट. ओआरडीबी नावाची उघड्या सर्व्हरांची एक यादी डिसेंबर २००६ मध्ये बंद झाली. चालवणाऱ्यांनी रीतसर जाहीर केलं की आता आम्हाला विचारू नका. पण जगभरच्या सर्व्हरांच्या कॉन्फिगरेशनमध्ये तिचं नाव कुणीतरी कधीतरी हाताने लिहिलं होतं, आणि लिहिणारे नोकरी बदलून गेले होते. सव्वा वर्षानंतरही प्रश्न येतच राहिले. शेवटी मार्च २००८ मध्ये त्या नावावरून प्रत्येक प्रश्नाला 'हो, हा यादीत आहे' असं उत्तर जायला लागलं. ज्यांनी ओळ काढली नव्हती त्यांच्याकडे त्या दिवशी एकही मेल आला नाही, ना स्पॅम ना चांगला. ओसिरुसॉफ्ट या यादीनेही ऑगस्ट २००३ मध्ये, हल्ल्यांनी जेरीस येऊन, असंच केलं होतं. हाताने लिहिलेली ओळ लिहिणाऱ्यापेक्षा जास्त जगते. म्हणूनच यादीत प्रत्येक पत्त्यापुढे तारीख, कारण आणि लिहिणाऱ्याचं नाव असावं असं जाणते लोक सांगतात. फाइलमध्ये '#' या चिन्हाने सुरू होणारी ओळ सॉफ्टवेअर वाचत नाही, ती माणसासाठी असते. तिथे 'नायजेरियन लॉटरी, जून २०२३, डिसेंबरला काढून बघणे' एवढं लिहायला दहा सेकंद लागतात.

काढून बघायचं, कारण स्पॅमचे पत्ते फार काळ एका जागी टिकत नाहीत. एके काळी निदान त्यांना हुकूम देणारे सर्व्हर टिकत. सॅन होजेमधल्या मॅककोलो या होस्टिंग कंपनीची जोडणी ११ नोव्हेंबर २००८ ला तिच्या पुरवठादारांनी तोडली आणि जगातला स्पॅम एका दिवसात निम्म्याहून खाली आला. मेल पाठवणारे संगणक जगभर विखुरलेले होते, पण त्यांना हुकूम देणारे सर्व्हर तिथे होते. काही महिन्यांत टोळ्यांनी हुकूमत दुसरीकडे हलवली आणि आकडे पुन्हा चढले.

आणखी एक मागचं दार सांगायला हवं, कारण त्यावर फार कमी लोकांचं लक्ष असतं. बऱ्याच संस्था मुख्य सर्व्हर बंद पडलाच तर मेल साठवायला एक दुय्यम सर्व्हर ठेवतात. मुख्य सर्व्हर चालू असताना सभ्य पाहुणा तिकडे फिरकत नाही. स्पॅमर मात्र आधी तिकडेच जातो, कारण तिथे यादी लावायचं कुणाच्या लक्षात राहिलेलं नसतं. दुय्यम सर्व्हर तो मेल घेतो आणि इमाने इतबारे मुख्य सर्व्हरकडे पाठवतो. मुख्य सर्व्हरला दिसणारा आयपी पत्ता आता आपल्याच दुय्यम सर्व्हरचा असतो. घाईत तो पत्ता यादीत टाकून स्वतःचाच मेल अडवून बसलेले ॲडमिनही असतात.

मजकुरातले शब्द पाहून अडवणं हा आणखी एक उपाय, आणि त्यात हसं होण्याची शक्यता जास्त. पौरुषत्वाच्या गोळ्यांच्या जाहिरातींनी वैतागलेल्या लोकांनी 'सियालिस' हे गोळीचं नाव रोमन अक्षरांत यादीत घातलं. इंग्रजीत 'स्पेशालिस्ट' हा शब्द लिहिला की ती सहाच्या सहा अक्षरं त्याच्या पोटात त्याच क्रमाने येतात. हृदयरोगतज्ज्ञाच्या अपॉइंटमेंटचा मेल परत गेला तर दोष कुणाला द्यायचा?

आता मेलचा मोठा हिस्सा गुगल आणि मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरांवरून जातो, आणि तिथून आलेला स्पॅम आयपी पत्त्याने अडवताच येत नाही. जीमेलचा एक पत्ता यादीत टाकला तर संध्याकाळपर्यंत अर्धं गाव तक्रार घेऊन येईल. म्हणून ओझं पाठवणाऱ्यावर सरकलंय. माझ्या नावाने कोणकोणत्या पत्त्यांवरून मेल येऊ शकतो ते एसपीएफमध्ये जाहीर करा, पत्रावर डीकिमची सही करा, आणि दोन्ही जुळलं नाही तर काय करायचं ते डीमार्कमध्ये सांगा. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचं केलं. गुगलच्या लेखी 'मोठं प्रमाण' म्हणजे दिवसाला ५,००० मेल.

यामुळे हाताच्या यादीचं काम संपलं नाही, उलट तिला एक खास गिऱ्हाईक मिळालं. तळेगावचे प्लॉट, करिअर गायडन्स, सोलर पॅनेल, आयएसओ सर्टिफिकेट विकणाऱ्या मंडळींचे मेल तांत्रिकदृष्ट्या अगदी सोवळे असतात. एसपीएफ बरोबर, डीकिमची सही बरोबर, पत्ता खरा, नाव खरं, सामायिक यादीत कुठेही नोंद नाही. फिल्टरला त्यात वावगं दिसत नाही. तळाशी 'अनसबस्क्राइब' असतं आणि ते दाबलं तरी पुढच्या मंगळवारी मेल येतोच. अमेरिकेत २००३ च्या कॅन-स्पॅम कायद्याने अशी विनंती दहा कामकाजाच्या दिवसांत पाळावी लागते. आपल्याकडे ट्रायचे २०१८ चे नियम कॉल आणि एसएमएसपुरते आहेत, मेल त्यांच्या कक्षेत येत नाही. या लोकांचे पत्ते ठरलेले असतात आणि सहजी बदलत नाहीत, कारण पत्त्याची पत राखण्यावरच त्यांचा धंदा चालतो. इथे हाताने लिहिलेली एक ओळ जेवढं काम करते तेवढं कुठलंही फिल्टर करत नाही.

राहिला प्रश्न अडकलेल्यांचा. आशिया-पॅसिफिकमधलं नव्या आयपीव्ही४ पत्त्यांचं मोकळं वाटप एप्रिल २०११ मध्येच संपलं. तेव्हापासून पत्ते विकले जातात, भाड्याने दिले जातात, हातोहात फिरतात. आज एखाद्या नव्या कंपनीने भाड्याचा सर्व्हर घेतला तर तिच्या वाट्याला येणारा पत्ता आधी कुणाकडे होता हे तिला ठाऊक नसतं. स्पॅमहाउससारख्या मोठ्या याद्यांत तो असेल तर तपासायला पान आहे, नाव काढायला अर्ज आहे. पण अमरावतीच्या एका कॉलेजने आणि बेळगावच्या एका फाउंड्रीने कधीकाळी तोच पत्ता आपापल्या फाइलमध्ये लिहून ठेवला असेल, तर तशा हजारो खाजगी फाइलींना ना पान, ना अर्ज. परत आलेल्या मेलमध्ये ५५४ नंतर जो मजकूर दिसेल तेवढाच धागा. तिथे 'ॲक्सेस डिनाइड' लिहिलं असेल तर तो धागा तुटलेलाच. 'या पत्त्यावरून २०१९ मध्ये स्पॅम आला होता, आता पत्ता तुमचा असेल तर पोस्टमास्टरला लिहा' असं असेल, तर लिहिता येतं. पोस्टमास्टरची पेटी मात्र रोज उघडून वाचली पाहिजे, आणि बहुतेक ठिकाणी ती अशा खात्यात पडते ज्याचा पासवर्ड आता कुणालाच आठवत नाही.